खापरातला इस्तू

आमच्या गावात पाणी कसं चढलं, ते मला विचारू नका. ते सांगणारे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की आमच्या टेंभदऱ्याच्या देवळाचा कळस वर येतो, आणि आजकालची पोरं मोबाइल घेऊन तिथं फोटो काढायला जातात. माझा नातूही जाऊन आला. मला सांगायचं आहे ते त्याच्या नंतरचं. गाव उठलं आणि नवी जागा हाती येईपर्यंत आमची चाळीस घरं हिंगोलीत एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, त्या दोन वर्षांचं. हिंगोली म्हणजे काही परमुलूख नव्हे, हे आता कळतं. पण बारा वर्षांच्या पोरीला, जिनं जवळा बाजारच्या आठवडी बाजारापलीकडं जग पाहिलं नव्हतं, तिला ते शहर दुसरा देशच वाटायचं. आणि तिथल्या लोकांनीही आम्हाला तसंच वागवलं. आमचं नाव पडलं बुडीतवाले. दुकानात, टँकरवर, दवाखान्यात, सगळीकडं तेच. "ए बुडीतवाली, सरक तिकडं." माझं नाव चंद्रभागा आहे, हे त्या दोन वर्षांत शेडच्या बाहेर कुणी विचारलं नाही.

शेड लांबच लांब होती. मधे भिंत नाही, काही नाही. बारदाना आणि जुनी लुगडी दोरीवर टाकून घरं पाडली होती. ह्या लुगड्याच्या अलीकडं आमचं घर, पलीकडं गंगूकाकूचं. काकूच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आला की आमच्या पोटात कावळे ओरडायचे, आणि आमच्याकडं ठेचा वाटला की काकू पलीकडून शिंकायची. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचं कुणाशी भांडण, कुणाला खोकला लागला, सगळं सगळ्यांना ठाऊक. लग्न झालेली जोडपी आपसात बोलायचीच बंद झाली, असं माय पुढं सांगायची. दुपारी पत्रा असा तापायचा की लेकरांना बाहेर लिंबाखाली नेऊन झोपवावं लागे. पावसात त्याच पत्र्यावर इतका गोंगाट व्हायचा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे. जमिनीत सरकीचा जुना वास मुरलेला होता. तो अंथरुणात, कपड्यात, भाकरीतसुद्धा यायचा. अजूनही कुठं सरकी ढीग घातलेली दिसली की माझं जेवणावरचं मन उडतं.

बायकांची तकलीफ मी काय सांगू? गावात ओढा होता, आडोसा होता. इथं उजाडायच्या आत रेल्वेच्या रुळाकडं जायचं, एकीनं बसायचं, दुसरीनं राखण करायची. दिवसभर माय पाणी कमी प्यायची, का, ते मला खूप उशिरा कळलं. पाणीही कुठं होतं? टँकर यायचा तो दुपारी, त्याच्या मर्जीनं, आणि आधी वस्तीतल्या लोकांच्या घागरी लागायच्या. आमची लाइन मागं. रेशनचं कार्ड घेऊन बा कचेरीत गेला की तिथला माणूस यादीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "टेंभदरा? ह्या नावाचं गावच न्हाई इथं." बा म्हणायचा, "हाय ना साहेब. पाण्याखाली हाय." तो माणूस हसायचा. बा हसायचा नाही. घरी येऊन तो कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि माय काही विचारायची नाही.

आता खापराचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या गावात चूल काडीनं पेटवत नसत. आगपेटी होती, नाही असं नाही, पण ती दिव्याला, बिडीला. चुलीतला विस्तव (आम्ही इस्तू म्हणतो) रात्री राखेखाली दाबून ठेवायचा आणि सकाळी फुंकून जागा करायचा. कुणाचा विझला तर तिनं शेजारणीकडं जायचं. जाताना हातात एक गोवरी घेऊन जायची, ती त्या चुलीजवळ ठेवायची, आणि मग इस्तू मागायचा. गोवरी न ठेवता आणलेला इस्तू चोरीचा. आणि तो घेऊन घरात शिरताना चुलीपुढची बाई विचारायची, "कुण्या घरचा इस्तू?" आणणारीनं घराचं नाव घ्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. मी लहानपणी शंभरदा तरी ओरडले असेन, "गंगूकाकूच्या घरचा!" दिवेलागणीनंतर मात्र कुणी कुणाला इस्तू द्यायचं नाही, म्हणून बायका सांजवेळी चुलीत हळूच डोकावून बघायच्या.

गाव उठलं त्या दिवशी रखमाजी आबांनी सांगितलं, ते गावात सगळ्यात वडील, की घरं जाऊ द्या, पण इस्तू पाण्यात बुडू द्यायचा न्हाई. मरीमायच्या ओट्यापुढं रांजणाच्या फुटक्या बुडाचं एक खापर ठेवलं. चाळीस घरांतून चाळीस बायका आल्या, आपापल्या चुलीतला एकेक निखारा चिमट्यानं आणून त्यात टाकला.  नुसता निखाऱ्यावर निखारा पडल्याचा आवाज. नवं गाव वसेल तेव्हा ह्याच खापरातून सगळ्यांच्या चुली पेटवायच्या, असं ठरलं. ते खापर आलं आमच्याकडं, कारण आम्ही मेंढरंवाले. मेंढरांच्या वाळल्या लेंड्या राखेत मिसळल्या की इस्तू दिवसदिवस मरत नाही, धुपत राहतो. लेंड्यांची तीन पोती आणि ते खापर मांडीवर घेऊन माय ट्रकमध्ये बसली. तिचं लुगडं दोन जागी जळालं, पण तिनं हिंगोलीपर्यंत खापर खाली ठेवलं नाही.

शेडमध्ये इस्तू राखून ठेवायची मनाई होती, म्हणून माय त्याला दाराबाहेर पत्र्याच्या वळचणीखाली, विटांचं कडं करून सांभाळायची. सकाळ, दुपार, सांज, तीनदा लेंड्या घालायच्या आणि राख ओढायची. सुरुवातीला शेडमधली सगळी लाइन तिथूनच चूल पेटवायची. पण शहर ते शहर. कुणी रॉकेलचा स्टो आणला, कुणाला पहाटे कामावर जायची घाई, हळूहळू सगळे आगपेटीवर आले. शेवटी उरलं आमचं खापर. तरी येताजाता प्रत्येक बाई वाकून बघायची, "हाय ना गं?" माय म्हणायची, "हाय." एवढंच बोलणं. गंगूकाकू तर रोज तिन्हीसांजेला त्याला हळदीकुंकू वाहायची. काकूचा थोरला पोरगा गावातच साप चावून गेला होता. त्याच्यासाठी जी चूल पेटायची तिचा निखारा ह्यात आहे, असं ती म्हणायची.

रस्त्याच्या पलीकडं भट्टी होती, फुटाणे-मुरमुऱ्यांची. भट्टीवाल्या बाईला सगळे भाभी म्हणायचे. नवरा नव्हता, एकटीच. उंच, काटक, तोंडात सदा पान. तिच्या घरात हिंदी बोलत. तिचे पूर्वज म्हणे इंग्रजांच्या छावणीबरोबर वर उत्तरेतून कुठून तरी आले होते आणि इथलेच झाले. इतक्या पिढ्या झाल्या तरी लोक त्यांना परदेशीच म्हणायचे, आणि आडनावही तेच पडलेलं. दिवसभर तिची भट्टी धडधडायची, गरम वाळूत मुरमुरे फुटायचे तडतड तडतड, आणि तो खरपूस वास आमच्या शेडभर पसरायचा. उपाशी पोटी त्या वासाचा जो छळ असतो ना, तो ज्याला सोसावा लागला त्यालाच कळेल.

आम्ही आलो त्याच आठवड्यात भाभीशी वाजलं. बानं मेंढरं आणली होती. शहरात चारायला कुठं न्यायची? मेंढरं भुकेली, आणि भाभीनं रस्त्याकडेला चादरीवर भिजवलेले हरभरे वाळत घातलेले. काय व्हायचं ते झालं. भाभी झारा घेऊन धावली. "भिखमंगे कहीं के! गाँव डूब गया तो हमारे सिर पे आ बैठे?" माय मेंढरं हाकत होती, ती थांबली. माझी माय तोंडाची तिखट. ती म्हणाली, "आमचं गाव बुडालं तरी त्याला नाव हाय. तुझं गाव कोन्तं गं, परदेशिणी? सांग की!" भाभीचा चेहरा असा उतरला की मला अजून दिसतो. ती झारा खाली करून आत गेली. त्या दिवसापासून मायनं त्या दाराकडं पाहायचं सोडलं आणि मला बजावलं, "तिच्या पायरीवर पाय ठिवला तर तंगडं मोडीन."

तीन महिन्यांत मेंढरं विकावी लागली. खाटकाला नको, पाळणाऱ्यालाच द्यायची म्हणून बा दोनदा नरसीच्या बाजारातून कळप परत घेऊन आला, आणि तिसऱ्यांदा एकटा आला. त्या दिवशी तो काठी घेऊन लिंबाखाली बसला, जसा माळावर बसायचा तसा, पुढं मेंढरं असल्यासारखा. मी भाकर घेऊन गेले तर म्हणाला, "चंद्रे, आज लई शांत हाय गं." मग तो धान्याच्या मोंढ्यात हमालीला जाऊ लागला आणि माय चालू जिनिंगमध्ये कापूस निवडायला. मेंढरं गेली, म्हणजे लेंड्याही गेल्या. तीन पोत्यांची दोन, दोनाचं एक झालं. माय मूठ मोजून घालू लागली. आणि दुपारची पाळी माझ्याकडं आली.

माझी शाळा सुटली होती. गावात मी सहावीत होते. हिंगोलीच्या शाळेत बा घेऊन गेला तर मास्तर म्हणाले, जुन्या शाळेचा दाखला आणा. बा म्हणाला, मास्तर बदलून गेले, कपाट पाण्यात गेलं, दाखला कुठून आणू? मास्तर वाईट नव्हते, पण कागदापुढं त्यांचंही काही चालत नव्हतं. मी घरी राहिले. पाणी भरायचं, सरपण वेचायचं, खापर राखायचं. पण टँकरच्या वाटेवरच शाळेची मागची भिंत होती, आणि एका खिडकीचं दार मोडलेलं. तिथं घागर टेकवून उभं राहिलं की फळा दिसायचा. मी रोज थोडी थांबायची. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला शिकायचं होतं हो, एवढंच. पोटात भूक असावी तसं ते असायचं.

तो दिवस दिवाळीच्या आधीचा. माय-बा कामावर. टँकर उशिरा आला, रेटारेटीत माझा नंबर शेवटी लागला. भरलेली घागर घेऊन येताना खिडकीशी टेकले. आत बाई भूगोल शिकवत होत्या. नदीवर धरण कसं बांधतात, त्याचं चित्र काढलं होतं. भिंत, पाणी, कालवा, हिरवी शेतं. पाण्याच्या जागी निळा खडू आडवा फिरवला होता. मी बघत राहिले. त्या निळ्याखाली आमची चूल आहे, ओटा आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी ते चित्र वहीत काढून घ्यावंसंही वाटत होतं. किती वेळ गेला देव जाणे. शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा मी भानावर आले आणि पळत सुटले. निम्मं पाणी अंगावर सांडलं.

खापर थंड होतं. मी राख उकरली, हात खुपसला, तळापर्यंत गेले. नुसती राख. एक ठिणगी नाही. लेंड्या सकाळीच सरत आल्या होत्या. पोत्याच्या तळातल्या घाल, असं मायनं जाताना सांगितलं होतं, आणि मी त्या घातल्याच नव्हत्या.  चाळीस घरांचा इस्तू. काकूच्या पोराचा निखारा. माय मारील ह्याची भीती नव्हती, मार रोजचाच. माय रडेल ह्याची होती. मी मायला कधी रडताना पाहिलं नव्हतं, गाव सोडतानाही नाही.

घरात आगपेटी होती. पण काडीचा जाळ आणि चुलीचा इस्तू, हा फरक माझ्या हाडात भिनलेला. काडीनं पेटवणं म्हणजे मेलेल्याच्या जागी बाहुली निजवणं, असंच मला वाटलं. लाइनीत सगळ्यांचे स्टो, आणि कुणाला विचारायला जावं तर बोभाटा. इस्तू जिवंत होता तो एकाच ठिकाणी. मी खापर ओटीत धरलं, फडक्यानं झाकलं आणि रस्ता ओलांडला.

भाभी वाळू चाळत होती. मला पाहून तिनं भुवया वर केल्या. "क्या होना?"  मी फडकं बाजूला केलं. तिनं खापरात पाहिलं, मग माझ्याकडं, मग रस्त्यापलीकडच्या आमच्या वळचणीकडं. रोज येताजाता बायका तिथं वाकायच्या, हळदीकुंकू व्हायचं, ते ती पहिल्या दिवसापासून बघत होती. तिला सगळं समजलं. "तेरी माँ को मालूम है?" मी मान हलवली, नाही. तिनं लोखंडी फावडीनं भट्टीच्या पोटातून तुराट्यांचे लालभडक निखारे ओढले, खापर भरलं, वर आपल्या हातानं राख घातली. राख कशी पसरायची ते तिला आमच्यासारखंच ठाऊक होतं. "जा. दौड़ मत, गिरेगी," म्हणाली. मी निघाले तेव्हा आठवलं, गोवरी आणली नाही.

वळचणीखाली खापर ठेवलं आणि मी सवयीनं थांबले. कुण्या घरचा इस्तू? विचारणारं कुणी नव्हतं. मी तळातल्या लेंड्या घातल्या, राख ओढली आणि आत जाऊन भांडी घासत बसले. सांजेला माय आली, वाकली, फुंकली. "हाय," ती स्वतःशीच म्हणाली. गंगूकाकूनं हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले. मी भाकर तशीच ठेवली. ताप आला असेल म्हणून माय कपाळावर हात ठेवून बघत राहिली.

त्यानंतरचे महिने कसे गेले, ते मलाच ठाऊक. लेंड्या संपल्या तशी माय वेचून आणलेल्या शेणाचा वाळला चुरा घालून खापर धुपतं ठेवायची. कुणाच्या लेकराला खोकला झाला तरी मला वाटे माझ्यामुळं. बाच्या पाठीवर पोतं पडलं, तो पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, मी रोज मनात मरीमायचे पाय धरले. भाभी रस्त्यात दिसली की मी खाली बघायची. तिनं एका शब्दानं कधी कुणाला सांगितलं नाही. आता साठी उलटल्यावर वाटतं, बाराव्या वर्षी इतकं ओझं पोरीनं वाहू नये, आईला सांगून मोकळं व्हावं. पण हे सांगायला सोपं आहे. आमच्या घरात सांगायला जागाच उरली नव्हती. सगळे आपापलं ओझं धरून बसलेले.

होळीनंतर हुकूम आला. साखऱ्याच्या वाटेवर माळावर जागा मिळाली, चुन्याची फक्की मारून प्लॉट आखले. लाइनीत इतका आनंद झाला की बायकांनी बारदाने आपणच ओढून काढले. आबांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवून सांगितलं, "आदी मरीमाय बसवायची. तिच्या म्होरं खापर ठिवायचं. म्या इचारीन, कुण्या गावचा इस्तू? चंद्रीच्या मायनं सांगायचं, टेंभदऱ्याचा. मंग एकेका घरानं घ्यायचा." सगळ्यांचे डोळे भरले. मायनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं, आणि ते माझ्या खोट्यावर. 

निघायच्या सकाळी ट्रक येऊन उभे होते. सामान चढत होतं. माय खापराजवळ बसून शेवटची गोवरी फडक्यात बांधत होती. ती टेंभदऱ्याहून आणलेली, नव्या चुलीत पहिली घालायची म्हणून दोन वर्षं पेटीत राखलेली एकच गोवरी. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खिडकी, निळा खडू, थंड राख, भाभी, सगळं. मी मार खायला तयार होते. मायनं हात उचलला नाही. ती खापराकडं बघत बसली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, बा हाका मारत होता. किती तरी वेळानं तिनं विचारलं, "गोवरी ठिवली व्हतीस?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग चोरीचा इस्तू झाला की गं," ती म्हणाली, रागानं नव्हे, थकून. आणि उठली. एका हातात खापर, एका हातात ती गोवरी. पदर डोक्यावर ओढला आणि रस्ता ओलांडून, दोन वर्षांत जिच्याकडं मान वळवली नव्हती त्या भट्टीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागं.

भाभी भट्टी पेटवत होती. मायनं गोवरी भट्टीच्या तोंडाशी ठेवली. "भाभी, इस्तू मांगायला आले."

भाभीनं गोवरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "छोरी ने बता दिया?"

"व्हय. आज बोलली." माय मग म्हणाली, "म्या तुला तुझं गाव इचारलं व्हतं. तसं इचारायला नको व्हतं. चुकलं माझं."

भाभीनं पान एका गालातून दुसऱ्यात घेतलं. "हमको सच में नहीं मालूम," ती म्हणाली. "नाना के नाना आए थे. कौन गाँव से, किसी ने पूछ के नहीं रखा. तुम लोग आग साथ लाए. हमारे वालों को सूझा नहीं." एवढं बोलून तिनं खापर घेतलं, जुने निखारे तसेच ठेवून वर भट्टीतले नवे घातले, राख ओढली. मग आमची गोवरी उचलली आणि आमच्यासमोर भट्टीत सारली. ती धुपली, पेटली. टेंभदऱ्याच्या शेणाचा धूर निघाला तसे मायचे डोळे भरून आले. भाभीनं माझ्या ओटीत फुटाणे टाकले. ट्रकमध्ये मी ते खाल्ले. दोन वर्षं ज्या वासानं छळलं, त्याची चव तेव्हा कळली.

माळावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. नुसती फक्कीची पांढरी रेघ, एक लिंब आणि वारा. आबांनी मरीमायचा दगड लिंबाखाली बसवला, शेंदूर लावला. मायनं पुढं खापर ठेवलं. बाकी घरांच्या बायका हातात गोवरी घेऊन उभ्या. मी मायच्या शेजारी. ती काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं. ट्रकमध्ये ती एक शब्द बोलली नव्हती. 'टेंभदऱ्याचा' म्हणाली असती तर कुणाला काय कळलं असतं?

आबांनी खणखणीत आवाजात विचारलं, "कुण्या गावचा इस्तू?"

माय म्हणाली, "हिंगोलीचा. भट्टीवाल्या भाभीच्या घरचा."

 गंगूकाकूच्या हातातली गोवरी खाली पडली. "काय बोलून राहिलीस, चंद्रीचे माय?"

"आपला इझला," माय म्हणाली. "दिवाळीच्या आदी इझला."

"इझला? कुनाच्या हातून?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मायनं आपला पाय माझ्या पायावर ठेवला आणि दाबला. असा दाबला की बोटं चुरली. "माझ्या हातून," ती म्हणाली. "कामावरून यायला उशीर झाला. माझीच चूक."

काकू मटकन खाली बसली. "माझ्या लेकराचा निखारा व्हता गं त्यात," एवढंच म्हणत राहिली. तिचं ते रडणं ऐकवत नव्हतं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. बा मान खाली घालून उभा. आबांनी त्या धुपत्या राखेकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मांगून आणला का उचलून?"

"मांगून."

"गोवरी ठिवली?"

"ठिवली. टेंभदऱ्याचीच ठिवली."

"मंग इस्तू बराबर आला," आबा म्हणाले, आणि वाकून सगळ्यांच्या आधी आपली गोवरी खापरातल्या इस्तूला लावली. त्यांच्या मागून बायका एकेक पुढं आल्या. सगळ्या नाही. सात-आठ घरांनी त्या सांजेला आगपेटीच ओढली, त्यात काकू पहिली. तिनं आमच्या घराशी बोलणं टाकलं, आणि तिच्या मनातून माय जी उतरली ती उतरलीच. पाणवठ्यावर गाठ पडली की माय आपणहून मागं सरायची, तिला आधी भरू द्यायची. मी कितीदा म्हटलं, माय, सांगू दे ना मला तिला. माय म्हणायची, "तुला हितं नांदायचं हाय, शिकायचं हाय. मला काय, माझं झालं." त्याच वर्षी नव्या गावात शाळा आली, आणि नव्या मास्तरांनी दाखला मागितला नाही.

काकू गेली, आबा गेले, बा गेला. गेल्या पावसाळ्यात मायही गेली. शेवटच्या दिवसांत तिला काही आठवत नसे, पण गॅसची शेगडी पेटवली की खाटेवरून विचारायची, "कुण्या घरचा गं?" आणि मी म्हणायची, "भाभीच्या घरचा." ते ऐकून ती निवांत व्हायची. आता माझ्या पायावर पाय ठेवणारं कुणी राहिलं नाही. काकूची सून, नातवंडं ह्याच गावात आहेत. मायला ती अजून इस्तू विझवणारी म्हणून ओळखतात. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते: टेंभदऱ्याचा इस्तू माझ्या मायनं विझवला नाही. तो मी, चंद्रभागेनं विझवला.